चाळीस मिनिटांची हवा

एक अख्खा बोकड जाळून त्याची राख करणारा इंजिनियर तुमच्या पाहण्यात नसेल. मी तो आहे.

कुवेतमध्ये थंडी पडली की इथली माणसं वाळवंटात तंबू ठोकून राहायला जातात. अशाच एका हौशी गृहस्थांना तंबूशेजारी बोकड भाजायची पक्की भट्टी हवी होती. मी तेव्हा मीना अल-अहमदीला एका कंत्राटदाराकडे होतो. रिफायनरीच्या भट्ट्यांना आतून फायरब्रिकचं अस्तर लावायचं, हे माझं काम. आता भट्टी म्हटल्यावर 'हे माझं क्षेत्र नाही' असं म्हणणं जिवावर आलं. पंधराशे अंश सोसणाऱ्या विटा, मागे सिरॅमिक लोकरीची गादी, दोन दणकट बर्नर, असा थाट मी उभा केला. चार तासांनी दार उघडलं तर आत परातभर राख आणि एक लोखंडी आकडा. गृहस्थांनी वाकून आत पाहिलं. मग म्हणाले, "या मुहंदिस, मेलेल्या बोकडाला तू परत मारलंस." मुहंदिस म्हणजे इंजिनियर, 'या' म्हणजे अरे. चाळीस पाहुणे त्या दिवशी खबूस, म्हणजे इथली रोटी, आणि कांदा खाऊन उठले.

दुसरी गोष्ट बेकरीची. भट्टीचं नवं अस्तर ओलं असतं, ते दोन दिवस मंद आचेवर वाळवावं लागतं. हे मी हाताखालच्या पोरांना शिकवायचो. आणि एका बेकरीवाल्यानं घाई केली म्हणून मीच दोन तासांत तापवलं. आत वाफ कोंडली, अस्तराचा पोपडा उडाला आणि थेट पावाच्या टोपलीत जाऊन पडला. त्या माणसाकडून मी आजतागायत पाव घेत नाही. तो देत नाही, हे खरं कारण.

इथल्या मराठी मंडळात दर गणपतीला मला स्टेजवर बोलावून हे किस्से सांगायला लावतात. मी सांगतो, लोक हसतात. पण एक चूक मी तिथे कधी सांगितलेली नाही. ती लिहायची म्हणून हा लेख.

मी नाशिकचा. सिरॅमिकचा डिप्लोमा, मग फायरब्रिकच्या कारखान्यात नोकरी, मग सत्तावीस वर्षं कुवेत. बिऱ्हाड अबू हलीफाला. फ्लॅट 'समुद्र दिसतो' म्हणून घेतला. तो बाथरूमच्या खिडकीतून दिसतो, तेही स्टुलावर उभं राहिलं तर. रिफायनरीचं काम सुटल्यावर गाशा गुंडाळायच्या बेतात होतो, तेवढ्यात रुमैथियाच्या एका बाईंचा निरोप आला. उम्म नासर, म्हणजे नासरची आई; इथे थोरल्या मुलाच्या नावानं आईला ओळखतात. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या. बंगल्यामागच्या गॅरेजमध्ये त्यांनी मातीकामाचा स्टुडिओ काढला होता, परदेशातून गॅसची भट्टी आणली होती, आणि ती पेटवायला सगळे घाबरत होते. "तुला आगीची भीती वाटते का?" त्यांनी विचारलं. मी बोकडाची गोष्ट सांगितली. त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या आणि माझा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, त्यांनी आपल्या नावावर करून घेतला.

तिथे मला लाओ फंग भेटला.

उम्म नासरना चिनी लाल रंगाचं वेड. कुठल्याशा संग्रहालयात त्यांनी एक लाल सुरई पाहिली होती, तेव्हापासून झोप उडालेली. म्हणून त्यांनी चीनमधून एक उस्ताद वर्षाच्या करारावर आणला. लाओ म्हणजे म्हातारा, पण मानानं म्हटलेलं. साधारण माझ्याच वयाचा, काटक, पायात कापडी बूट. पहिल्या दिवशी मी त्याच्यासमोर फळ्यावर आकृत्या काढून ज्वलनशास्त्र मांडलं. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्या हातात झाडू दिला. भट्टीच्या तळाशी धूळ होती.

आमच्यात सामाईक भाषा नव्हती. बाजारात ऐकून शिकलेली मोडकीतोडकी अरबी तेवढी दोघांकडे होती. अकू म्हणजे आहे. माकू म्हणजे नाही. झेन म्हणजे चांगलं. खलास म्हणजे संपलं. ताबान म्हणजे दमलेलं, आजारी, बिघडलेलं, जे काय असेल ते. आणि हवा म्हणजे हवाच. एवढ्या भांडवलावर आम्ही वर्ष काढलं, आणि माझ्या बायकोचं म्हणणं असं की मी तिच्याशी तीस वर्षांत बोललो नाही तेवढा त्याच्याशी बोललो.

आता ही विद्या काय आहे ते थोडक्यात सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आपला माठ सात-आठशे अंशांवर भाजतात, म्हणून तो पाझरतो. चिनी कारागीर माती तेराशे अंशांपर्यंत नेतात. तिथे ती इतकी आवळून येते की टिचकी मारली तर घंटेसारखी वाजते. वर लावलेलं ग्लेझ, म्हणजे झिलई, वितळून काचेचा थर होते. ग्लेझ म्हणजे दगडाची पूड, राख, थोडी काच, आणि रंगासाठी चिमूटभर धातू. पण रंग बरणीत नसतो, तो आगीत ठरतो. तांब्याचंच घ्या. भट्टीत भरपूर हवा असली तर तांबं हिरवं होतं. हवा तोडली की आग उपाशी राहते, आणि उपाशी आग ग्लेझमधल्या तांब्याकडचा प्राणवायू ओढून घेते. मग तेच तांबं लाल होतं. कसा लाल, तर डाळिंबाचा दाणा उन्हासमोर धरल्यावर दिसतो तसा, आतून. वाडग्याच्या काठावरून ग्लेझ खाली सरकतं म्हणून तिथे पांढरी रेघ उरते, आणि बुडाशी रंग दाट होऊन थांबतो. हवा तोडायची कधी, किती, किती वेळ, हे चुकलं तर लालाचं काळिजाच्या रंगाचं काहीतरी होतं, नाहीतर काहीच होत नाही.

आणि माझा जन्म गेला आगीला पोटभर हवा देण्यात. आमच्या धंद्यात ज्योत निळी पाहिजे आणि धुराडं स्वच्छ. पिवळी ज्योत म्हणजे गॅस फुकट. धूर म्हणजे वरून फोन. सत्तावीस वर्षं धूर दिसला की माझा हात आपोआप बर्नरला हवा सोडणाऱ्या चकतीकडे जात आला आहे. लाओ फंगला हे पहिल्याच आठवड्यात कळलं. लाल रंगाची भट्टी लागली की तो माझ्या मनगटावर हलकेच चापट मारायचा. "हवा माकू, दे." माझं आडनाव देवधर, त्याला 'दे' पुरायचं.

दिवस मजेत चालले होते. क्लासला येणाऱ्या एका बाईंनी एकदा सोफ्याची उशी आणली आणि "अगदी हाच फिरोजी रंग हवा" असं बजावलं. लाओ फंगनं उशी घेतली, उलटसुलट पाहिली आणि गंभीर चेहऱ्यानं भट्टीच्या दाराशी नेऊन आत ठेवायला लागला. बाई किंचाळल्या. त्यानं उशी परत दिली, बाईंकडे बोट केलं आणि मला म्हणाला, "ताबान." पुढे महिनाभर आम्ही एकमेकांकडे पाहून 'उशी' अशी खूण करायचो.

त्याच्या घरी कामाची वाटणी ठरलेली होती. भांडी तो घडवायचा, ग्लेझ त्याची बायको वाटायची. तिचं नाव शिउलान. फोनवर फोटो दाखवायचा: ठेंगणी बाई, मांडीशी दगडी खल, बाह्या कोपरापर्यंत वर. तांब्याचा कीस, राख, दगड, सगळं हातानं आठवडाआठवडा घोटायची. तिच्या आईनं तिला शिकवलेलं. प्रमाण कागदावर नाही, सगळं तिच्या हातात. इथे येताना तिनं एक बरणी दिली होती, गळ्याला कापड बांधून. इथली रोजची कामं तो स्वतःच्या ग्लेझवर भागवायचा. ती बरणी मात्र कपाटात वर होती. बाई आजारी होती, मूत्रपिंडाचं दुखणं, तरी आजारपणातच ती वाटून दिलेली.

थंडीत ती गेली. त्याच्या इकाम्याचे कागद तेव्हा मध्येच अडकलेले होते, आणि कागद हातात येईपर्यंत तिथलं सगळं आटोपलं. त्यानं ते फोनवर पाहिलं. माझ्या वडिलांचे अंत्यविधी मीही इथूनच, फोन पिठाच्या डब्याला टेकवून पाहिले आहेत, त्यामुळे मी काही विचारलं नाही. शेजारी बसून राहिलो. आठ दिवस तो फक्त माती मळत होता. मळायचा, गोळा करायचा, परत मोडायचा.

करार संपायला महिना उरला तेव्हा त्यानं ती बरणी खाली काढली.

पाच वाडगे घडवले. इतके पातळ की उजेड आरपार दिसायचा. खुणांनी सांगितलं की त्यांच्याकडे वसंतात पितरांच्या समाधीवर जायचा दिवस असतो. एक वाडगा तिथे ठेवायचा, एक मुलीला, एक सासूला. ग्लेझ लावताना त्यानं बरणी रिकामी केली नाही. ही त्यांची रीत: एका भट्टीत सगळं ग्लेझ कधी घालायचं नाही, थोडं राखायचं, कारण आगीचा भरवसा नाही. दोन वाडग्यांपुरतं त्यानं राखून ठेवलं.

भट्टी सकाळी सहाला पेटवली. दुपारपर्यंत नऊशे अंशांच्या वर गेली, तेव्हा त्यानं चारही बर्नरच्या हवेच्या चकत्या आवळल्या, धुराड्याची झडप खाली ओढली. ज्योत पिवळी झाली, पाहायच्या भोकातून जिभेसारखी बाहेर यायला लागली. आदल्या दिवसापासून तो झोपला नव्हता. एकच्या सुमाराला डोळे मिटायला लागले तेव्हा मीच त्याला म्हटलं, जा, आडवा हो, मी आहे. त्यानं एक बोट वर केलं, तास. मग माझ्या मनगटावर चापट. "हवा माकू."

"हवा माकू," मी म्हटलं. आणि तो शेजारच्या खोलीत गेला.

पुढचं मी पुन्हा पुन्हा मनात पाहिलं आहे. तापमानाचा मीटर हजार साठवर अडकला. दहा मिनिटं झाली, वीस झाली, काटा हलेना. हवा तोडली की उष्णता वाढायची थांबते, हे मला पाठ आहे, परीक्षेत लिहिलं आहे. पण वाचलेलं वेगळं आणि समोर ठप्प झालेला मीटर वेगळा. धुराड्यातून काळा धूर निघाला. शेजारच्या बंगल्यातला केरळी स्वयंपाकी भिंतीवरून ओरडला, "अरे भाईसाब, क्या जला रहे हो? मॅडम का कपडा सब काला हो गया!" मी त्याला "पाच मिनिट" म्हटलं. आणि मनाशी म्हटलं, झोपेच्या गुंगीत म्हाताऱ्यानं झडप जरा जास्तच आवळली आहे. आपण थोडी मदत करू.

चारही चकत्या पाव फेरा उघडल्या. झडप दोन बोटं वर केली.

काय सुंदर ज्योत झाली! निळी, ताठ. धूर बंद. काटा चढायला लागला. मी खुर्ची ओढून बसलो, पाय पसरले. खोटं कशाला सांगू, मला अभिमान वाटत होता. चाळीस मिनिटांत नव्वद अंश. मग आतून पावलांचा आवाज आला, आणि माझ्या हातांनी मला न विचारता चकत्या परत आवळल्या, झडप खाली ओढली. त्याच क्षणी मला कळलं की आपण चुकलो आहोत. ज्याला चुकलो असं वाटत नाही, त्याचे हात असे धावत नाहीत.

लाओ फंग आला तेव्हा ज्योत पुन्हा पिवळी होती. त्यानं मीटर पाहिला, भुवया वर गेल्या. माझ्या पाठीवर थाप मारली. "झेन, दे! झेन!"

ती थाप मी घेतली.

दोन दिवसांनी, गुरुवारी, भट्टी उघडली. उम्म नासर हजर होत्या. पाचही वाडगे अखंड, एकाला तडा नाही. आणि एकाही वाडग्यावर लाल नाही. मळक्या काचेचा थर, कडेला बाटलीसारखी हिरवट झाक, एकाच्या बुडाशी काळपट काळिजाच्या रंगाचा डाग. त्यानं एकेक उचलून उजेडाकडे धरला, बुडाशी अंगठा फिरवला. मग माझ्याकडे वळला. रागानं नाही. वैद्य विचारतो तसं विचारलं.

"हवा?"

मी म्हटलं, "हवा माकू."

त्यानं वाडगा खाली ठेवला. मग त्यानं मान हलवली, आणि हसला. इतकं समजूतदार हसला की मला तिथून पळावंसं वाटलं. "मदाम ताबान," तो म्हणाला. मदाम म्हणजे त्याची बायको. उम्म नासरना त्यानं हातांनी खल घोटल्यासारखं करून दाखवलं, मग हात थांबवले, कपाळाला लावले. बाई आजारी होती. तांबं घालायला विसरली असेल. आग बरोबर होती, हवा बरोबर होती, मग उरलं काय? तिचा हात.

उम्म नासर म्हणाल्या, "अल्ला तिच्यावर दया करो." मीही मान खाली घातली. शोक म्हणून ती खपून गेली.

घरी आलो, जेवलो नाही. माधुरी, माझी बायको, वालाच्या शेंगा सोलत बसली होती. तिला सगळं सांगितलं.

"अहो, त्यानं विचारलं तेव्हा तुम्ही काय सांगितलंत?"

"हवा नव्हती, असं."

"म्हणजे चूक तुमची आणि नाव तिचं." तिनं शेंग ताटात टाकली. "आणि ती तर उलटून बोलायलाही नाही."

"इकामा उम्म नासरच्या हातात आहे. काढून टाकलं तर?"

"तर नाशिकला जाऊ. घराला कुलूप आहे, किल्ली माझ्याकडे आहे."

"बघू. उद्या शुक्रवार, सुट्टी. शनिवारी सांगतो."

"बोकडाची गोष्ट सांगायला तुम्हाला वार लागत नाही," ती म्हणाली, आणि शेंगा घेऊन आत गेली.

शुक्रवारी मी गेलो नाही. गाडी होती, पेट्रोल होतं, अबू हलीफाहून रुमैथिया म्हणजे अर्ध्या तासाचा रस्ता, तोही सुट्टीमुळे रिकामा. मी सकाळी गाडी धुतली. दुपारी झोपलो. संध्याकाळी चहा पिताना त्याला कसं सांगायचं याची वाक्यं जुळवत बसलो. आमच्या सहा शब्दांत ती बसत नव्हती, असं कारणही मिळालं.

शनिवारी सकाळी पोचलो तेव्हा तो अंगणात उकिडवा बसला होता. पुढ्यात गोणपाट, हातोडी, आणि पांढऱ्या ठिकऱ्यांचा ढीग. हीही त्यांची रीत: फसलेलं भांडं ठेवायचं नाही, कोणाच्या हाती लागू द्यायचं नाही. पाचही फोडले होते. भिंतीशी उन्हात ती बरणी पालथी घातली होती, धुऊन स्वच्छ.

मी बरणीकडे बोट केलं.

"खलास," तो म्हणाला. मग मला समजावं म्हणून सावकाश, खुणांनी सांगू लागला. लोक बघतील. कोणी ते ग्लेझ वापरून बघेल, कोणी वाडगा उचलून म्हणेल, फंगच्या बायकोला शेवटी जमेना झालं. ते नको. म्हणून फोडले, म्हणून धुतलं. काल. दिवसभर लागला, ठिकऱ्या बारीक करायला.

काल.

मी त्याचा हात धरून त्याला भट्टीपाशी नेलं. खाली बसलो. पहिल्या बर्नरची चकती पाव फेरा उघडली. "अना," मी म्हटलं. अना म्हणजे मी. दुसरी उघडली. "अना." तिसरी, चौथी. झडप दोन बोटं वर केली. दोन्ही हात गालाखाली घेऊन दाखवलं, तू झोपला होतास. दहा बोटं चार वेळा उघडली. "हवा अकू. अना. मदाम ताबान माकू."

मला वाटलं हातोडी अजून त्याच्या हातात आहे. असती आणि त्यानं उचलली असती तरी मी हललो नसतो. पण ती अंगणात राहिली होती. तो वाकला. प्रत्येक चकती स्वतः हातानं तपासली, किती उघडी आहे ते. झडपेखाली स्वतःची बोटं घालून पाहिली. मग विचारलं, मीटर किती होता? मी जमिनीवर खडूनं लिहिलं: १०६०. त्याखाली ११५०, पण आपले आकडे नव्हे, त्याला कळतील असे. तो त्या दोन आकड्यांकडे बघत हिशेब करत राहिला, आणि हळूहळू त्याची मान हलायला लागली. झालंच असतं. एवढी हवा, एवढा वेळ, एवढा ताप. तांबं कितीही असतं तरी गेलंच असतं.

"मदाम झेन," तो म्हणाला.

"झेन."

"मदाम झेन." मग त्याची नजर अंगणातल्या बरणीवर गेली. मी पाहिलं ती कुठे गेली ते, आणि एकदम आठवलं, म्हटलं, सापळा! बेसिनच्या नळीखाली एक टाकी असते, माती नि ग्लेझ गटारात जाऊ नये म्हणून. गाळ तिथे साठतो. मी पाना आणला, आडवा झोपलो, बोल्ट सैल केले, टाकी ओढून उजेडात आणली. वर्षभर क्लासच्या बायकांनी धुतलेले सगळे हात त्यात होते. निळं, तपकिरी, पांढरी माती, फिरोजी. सगळं मिळून करडं. त्यानं मनगटापर्यंत हात घातला, मूठभर काढलं, बोटांत चोळलं. त्यात तिचं किती, कुठलं, हे देवालाही वेगळं करता आलं नसतं. त्यानं मूठ परत टाकीत सोडली आणि हात धुतला नाही.

तसाच त्यानं खिशातून फोन काढला आणि मुलीला लावला. बराच वेळ बोलला. मला एक अक्षर कळत नव्हतं. मध्ये 'दे' ऐकू आलं. पलीकडून रडणं आलं, मग बरेच आवाज एकदम. त्यानं फोन माझ्यासमोर धरला. पडद्यावर पस्तिशीची एक बाई, डोळे सुजलेले, मागे जेवायचं टेबल, आठ-दहा माणसं. ती शाळेत इंग्रजी शिकवते हे मला ठाऊक होतं.

"मिस्टर दे," ती इंग्रजीत म्हणाली, "बाबांनी परवाच सगळ्यांना कळवलं होतं की आईच्या हातून शेवटी चूक झाली. आता ते म्हणतात, ज्यानं केलं त्यानं स्वतःच सांगावं. तुम्ही बोला, मी यांना सांगते."

मी उभा राहिलो. शाळेत उभं करायचे तसा. म्हटलं, मी सत्तावीस वर्षं भट्टीचं काम करतो. तुमचे वडील झोपले होते. त्यांनी हवा द्यायची नाही असं सांगितलं होतं, मी दिली. चाळीस मिनिटं. त्यांनी विचारलं तेव्हा खोटं बोललो. तुमच्या आईचं ग्लेझ बरोबर होतं.

ती एकेक वाक्य वळून सांगत होती. कोणी हसत नव्हतं. टेबलाच्या टोकाला एक फार म्हातारी बाई बसली होती, केस पांढरेशुभ्र, दोन्ही हात टेबलावर पालथे. ती काहीतरी म्हणाली. मुलगी वाकली, ऐकलं, परत पडद्याकडे आली.

"ही आजी. आईची आई. हिनंच आईला वाटायला शिकवलं. ती म्हणते, शेवटचं पुन्हा सांगा."

"ग्लेझ बरोबर होतं."

म्हातारीनं कानामागे हात धरला आणि खुर्चीतून पुढे झुकली.

"तिला कमी ऐकू येतं," मुलगी म्हणाली. "तिला इंग्रजी कळत नाही, पण तरी तुमच्या तोंडून हवंय. जरा मोठ्यानं."

रुमैथियाच्या त्या गल्लीत, शनिवारच्या भर सकाळी, मी ओरडून सांगितलं. शेजारचा स्वयंपाकी भिंतीवरून डोकावला. उम्म नासर मागच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. लाओ फंगनं करड्या हातानं फोन माझ्या तोंडाजवळ आणखी आणला, आणि मी पुन्हा सांगितलं.